कावळा आला नाही म्हणून जपानला फोन

श्रीनिवासरावांच्या वर्षश्राद्धाला मुलगा येणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो जपानात. पण कावळ्याला यायला काय झालं होतं?

बरोबर बाराला परसातल्या भिंतीवर पिंड ठेवला. साडेबारा झाले तरी तो जागचा हलला नव्हता. कावळे नव्हते असं नाही. नारळावर पाच बसले होते, पण पाचही पाठ करून. तंजावरातला कावळा एरवी बाईच्या हातातला वडा नेतो, त्याला आज मेली लाज आठवली होती. भटजींचं जेवून झालं होतं, त्यामुळे त्यांना घाई नव्हती. घरचे मात्र आदल्या रात्रीपासून उपाशी, आणि कावळा शिवल्याखेरीज कोणी पानावर बसायचं नाही.

श्राद्ध करत होते श्रीनिवासरावांचे धाकटे भाऊ कृष्णाजी. ओलं पंचं नेसून ते भिंतीपाशी ताटकळत उभे होते.

"काही इच्छा राहिली असेल," भटजी ढेकर देऊन म्हणाले. "वचन द्या, की शिवेल."

कृष्णाजींनी हात जोडले. "दादा, पापनाशमचं शेत विकणार नाही."

नारळावरून एकानंही मान वळवली नाही.

"म्हणजे विकायचं चाललं होतं?" श्रीनिवासरावांच्या पत्नी सीतालक्ष्मीबाईंनी विचारलं.

"तसं नाही, वहिनी. नुसती चौकशी केली होती."

"कोणाकडं?"

कृष्णाजी कावळ्यांकडे बघायला लागले.

मग वचनांची रांग लागली. त्यांची वीणा कोणाला देणार नाही. तिरुवैयारुच्या उत्सवाला दर वर्षी तांदूळ पाठवू. हरिप्रियाला शिकवू. हरिप्रिया, म्हणजे दादांची मुलगी, बी.एस्सी. झालेली, हळूच म्हणाली, "मी शिकून बसले आहे की, काका." एक वाजायला आला. मुंग्यांनी मात्र पिंडाला मान दिला होता.

"गवताचा करू या," भटजींनी सुचवलं. "दर्भाचा कावळा करून शिववला तरी शास्त्राला चालतं."

"ज्यांना मुलगा नाही त्यांनी गवताचे कावळे करावेत," सीतालक्ष्मीबाई म्हणाल्या. "माझा गुरुराज तिथं उपास धरून तर्पण करतो आहे. तिथल्या थंडीत. पहाटे उठून."

हे त्या आठ दिवस सगळ्यांना सांगत होत्या. गुरुराजलाच सांगायचं राहिलं असेल, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. बापाची तिथी मुलाला कोणी सांगावी लागते काय?

जाऊबाई कनकलता इतका वेळ खांबाला टेकून गप्प होत्या. गप्प बसल्या की त्या काहीतरी धार लावत असतात. "अक्का, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "भावोजींचा जीव मुलात अडकला आहे. जायच्या आधी तीन दिवस दाराकडं बघत होते ना. हा आला पाचव्या दिवशी, राख गोळा करायला."

हे खरंच होतं. सीतालक्ष्मीबाईंनी एक वर्ष त्या दाराकडं नीट पाहिलं नव्हतं. ते त्याला माफ न करता गेले असतील तर? मग पिंड भिंतीवर वाळणार, आणि सगळं तंजावर म्हणणार, बापानं मुलाच्या नावाचा घास नाकारला.

"चप्पल आण गे," त्या हरिप्रियाला म्हणाल्या. "त्याला फोन लाव. त्यानंच बोलावं बापाशी."

मेलवीधीच्या कोपऱ्यावर फोनचं नवीन बूथ निघालं होतं. तिथं वरात गेली. पुढं सीतालक्ष्मीबाई, मागं हरिप्रिया, ऐकायला कनकलता, आणि भरल्या पोटी चालणं बरं म्हणून भटजी. कृष्णाजी पिंडाला खारीपासून राखत राहिले.

खोलीवर फोन उचलला तो गुरुराजचा सोबती नटराज यानं. तापानं फणफणला होता.

"गुरुराज बेटावर गेला आहे. तीन मित्र मिळून. दोन रात्री तंबूत राहणार."

"तंबूत? खोलीला काय झालं?" हरिप्रियानं विचारलं.

"काही नाही. मजा म्हणून."

तिनं ते सगळ्यांना सांगितलं. तिला गप्प बसवायला उशीर झाला.

"घर असताना उघड्यावर झोपायचं," कनकलता म्हणाल्या, "आणि त्यासाठी बोटीनं जायचं. तर्पणाचीच रीत असेल ही, अक्का. जपानची."

नटराजनं बेटावरच्या कचेरीचा नंबर दिला. तिथं एक म्हातारा बोलला. हरिप्रियानं "गुरुराज, इंडिया" असं सात वेळा सांगितलं, त्यानं सात वेळा "हाइ", म्हणजे हो, म्हटलं आणि फोन खाली ठेवून कुठं तरी गेला. वाऱ्याचा आवाज येत राहिला. खूप वेळानं धापा टाकत गुरुराज आला. सीतालक्ष्मीबाईंनी फोन ओढून कानाला गच्च दाबला.

"अम्मा, काय झालं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. गेले ते मागच्याच वर्षी. आज तिथी आहे."

मग तो म्हणाला, "तारखेनं अजून अकरा दिवस आहेत ना? मी त्या दिवसाची रजा घेतली आहे."

"तुझे अप्पा इंग्रजी कॅलेंडर बघून गेले नाहीत."

"अम्मा," त्याचा आवाज फाटला. "मी आत्ताच्या आत्ता निघालो असतो. पण बोट बंद आहे. वादळ आलं, तंबू समुद्रात गेला. आम्ही संडासाच्या पत्र्याखाली बसलो आहोत. पोटात काही नाही."

"उपास आहे म्हणतो," सीतालक्ष्मीबाईंनी बाहेर जाहीर केलं.

"उपास नाही. कावळ्यांनी सगळं नेलं. इथले कावळे कोंबड्याएवढे असतात. एक तर सरळ माझ्याच ताटाशी आला. बाकीचे हाकलले तसे पळाले, हा हलेना. मान वाकडी करून माझ्याकडं बघत होता. मलाच हात उचलवेना, अम्मा. का ते ठाऊक नाही."

"कावळा त्याच्याच ताटाशी येऊन जेवला म्हणतो," सीतालक्ष्मीबाईंनी बाहेर सांगितलं, आणि फोनमध्ये विचारलं, "कधी?"

"साडेतीनला, वादळाच्या आधी."

"साडेतीन?"

हरिप्रियानं बोटं मोजली. "म्हणजे आपले बारा."

भटजींनी ढेकर अर्ध्यावर गिळली. पिंड बाराला ठेवला होता. वर्षभरात पहिल्यांदा सीतालक्ष्मीबाईंची मान ताठ झाली. माफ केलं होतं. नुसतं माफ नाही, समुद्र ओलांडून जाऊन मुलाच्या ताटात जेवले होते.

"काय होतं ताटात?" त्यांनी मोठ्यानं विचारलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"इथं पाऊस वाढला आहे, अम्मा."

"विचारते ते सांग."

"मासा," गुरुराज म्हणाला. "मित्रांनी गळानं धरला होता. भाजला होता. मी पहिल्यांदाच खाणार होतो, अम्मा. शपथ. त्यानं खाऊ दिला नाही."

"सगळा खाल्ला?"

"काटे ठेवले."

सीतालक्ष्मीबाईंनी फोन हळूच जागेवर ठेवला. लसणाची पाकळी दिसली तरी पानावरून उठणारा नवरा. चाळीस वर्षं त्यांनी सोवळ्यात त्याला रांधून घातलं होतं.

"काय खाल्लं, अक्का?" कनकलतांनी विचारलं.

"दहीभात."

"जपानात?"

"माझा मुलगा आहे तो. दुसरं काय करणार?"

भटजींनी निकाल दिला की पितर तृप्त झाले, इथला पिंड गाईला घाला. पानं वाढली. कृष्णाजींनी पंचं बदललं नाही, तसेच बसले. खीर उत्तम झाली होती, सगळे म्हणाले. सीतालक्ष्मीबाईंनी एक घास घेतला आणि तो बराच वेळ चावत राहिल्या.

"पुढच्या वर्षी तरी गुरुराजला बोलवून घ्या इथं," कनकलता म्हणाल्या.

"कशाला? तिथंच राहू दे त्याला," सीतालक्ष्मीबाई पानाकडं बघत म्हणाल्या. "ह्यांना तिथलं जेवण आवडलं आहे."