उघडं राहिलेलं कणीस

कणसांचे केस कोणीतरी कापत होतं. कुरतडत नव्हतं, कापत होतं. टोकं अशी एका रेषेत, जणू शाळेच्या फोटोसाठी कोणी बटा सारख्या केल्या आहेत. मुलगी सकाळी दात घासत मागच्या अंगणात यायची आणि ब्रश तोंडात तसाच धरून बघत राहायची.

गोड मक्याचं ते पाकीट बाबांनी आणलेलं. पेरायच्या आतच ते गेले. पाकीट वर्षभर साखरेच्या डब्यामागे पडून होतं. आणखी ठेवलं तर बी रुजायचं नाही, म्हणून तिने यंदा पेरलं. मका खायची बाबांची एक पद्धत होती. आधी गॅसवर पाणी ठेवायचं, मग कणीस तोडायला जायचं. तोडल्या क्षणापासून त्याची गोडी उतरते म्हणे, म्हणून ते कणीस घेऊन अंगणातून अक्षरशः पळत यायचे. तिला एकदाच, एकच कणीस तसं खायचं होतं.

"अगं, बाजारात सोललेले दाणे मिळतात," दादा फोनवर म्हणाला. "पिशवीतले."

"दादा, तू फोन ठेव."

शेजारच्या निवृत्त कंडक्टरकाकांनी कुंपणावरून वाकून कणसांची पाहणी केली. "खार. डोळे झाकून सांगतो."

"काका, खार इतकं सरळ कापते?"

"सरावाने जमतं. तू काळजी सोड. उद्या पहाटे मी गच्चीवर."

काकांनी नोकरीतली शिट्टी जपून ठेवली होती. पहाटे ती वाजली तेव्हा खार काही दिसली नाही, पण सगळी गल्ली जागी झाली. कोणीतरी आपल्याला बोलावतंय असं समजून तीन कुत्री कुंपण ओलांडून आली आणि मक्यातून आरपार निघून गेली. दोन ताटं आडवी झाली.

"पळाली ना?" काका वरून ओरडले.

"कोण, काका?" तिने आडव्या ताटांकडे बघत विचारलं.

घरात आईचं शिवणयंत्र या सगळ्यात एकदाही थांबलं नव्हतं. "त्यांच्याशी वाद घालू नकोस," ती म्हणाली. "कणसं झाकून टाक की."

"कशाने?"

आईने कपाट उघडलं. खालच्या खणात बाबांचे मोजे होते, धुऊन, घडी घालून. ते कोणी वापरले नव्हते आणि कोणाला दिलेही नव्हते. "नुसतेच पडलेत," आई म्हणाली आणि पुन्हा यंत्राकडे वळली.

एकेका कणसाला एकेक मोजा चढला. शेवटच्याला मात्र उरला नाही, कारण एका मोज्याला जोडीदार नव्हता. बाबांचा एक मोजा कायम हरवलेला असायचा आणि त्यावरून घरात दर आठवड्याला वाजायचं. आता तर विचारायचीही सोय नव्हती. ते एक कणीस उघडंच राहिलं आणि रोज त्याची हजामत होत राहिली. मुलीने त्याच्यावर पाणी सोडलं. बाकीची तरी वाचली!

उघड्या कणसाचे उरलेसुरले केस वाळून तपकिरी झाले, तशी तिने गॅसवर पाणी ठेवलं आणि अंगणात गेली. पहिला मोजा काढला. आत केस लांबसडक, एकही तुटलेला नाही. कणीस तोडून ती पळत आत आली, पानं सोलली आणि बघत राहिली. आत दाणा म्हणून नव्हता. नुसतं बोळकं.

ती परत पळाली. दुसरं बोळकं. तिसऱ्याला चार दाणे, तेही एकमेकांशी अबोला धरल्यासारखे लांब लांब. पळून पळून तिचा जीव अर्धा झाला.

"पाणी आटलं. अजून ओतू का?" आईने आतून विचारलं.

"ओत! विहीर ओत!"

सगळे मोजे निघाले, सगळी कणसं रिकामी. डोकं धरून ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली. तेवढ्यात आई तिला ओलांडून अंगणात गेली, उघड्या कणसापाशी थांबली, गळ्यातल्या दोरीला अडकवलेली धागे कापायची छोटी कात्री काढली आणि कच्च केलं.

"आई! तू?"

"लोंबत होतं," आई म्हणाली. "लोंबता धागा ठेवून माझ्या हातून आजवर एक झबलंसुद्धा घराबाहेर गेलेलं नाही."

"अगं, तो धागा नाही! एकेका केसामागे एकेक दाणा असतो. वरच्या तुऱ्यातली भुकटी त्या केसांवर पडते, तेव्हा कुठे दाणा भरतो!"

"असं होय. मला वाटलं, खार दाणे खातेय म्हणून तुमची धावपळ." आईने कात्री पुसली. "आणि मी कापले तरी मेले रोज नव्याने बाहेर यायचे. पण मला एक सांग, मोजा चढवल्यावर ती भुकटी आत कशी जाणार होती?"

मुलीने शेजारी पडलेल्या मोज्यांकडे पाहिलं. गच्चीवर शिट्टी वाजली. काकांना अखेर एक खार दिसली होती.

"बघत काय बसलीस? पाणी उकळतंय," आई म्हणाली आणि ते शेवटचं कणीस मोडून स्वतःच पळाली. या वयात, साडीचा ओचा वर धरून. मुलगी तिच्यामागे.

सोललं तर ते टोकापर्यंत गच्च भरलेलं. आईने डोळे बारीक करून पाहिलं. "एक ओळ वाकडी आलीय."

उकडल्यावर तिने त्याचे मधोमध दोन तुकडे केले. दोघी उभ्यानेच खात होत्या. कणीस गोड होतं, अगदी तसंच.

"त्या एका मोज्यावरून मी यांना जन्मभर बोलले," आई हळूच म्हणाली.

मुलीने मान हलवली. घास फार गरम होता.

मग आईने दातांवरून जीभ फिरवली, कपाळाला आठी घातली आणि तिचा हात नकळत गळ्यातल्या दोरीकडे गेला. "धागा अडकलाय गं."

"आई," मुलगी म्हणाली, "ती कात्री आधी खाली ठेव."