चार कड्या आणि एक वजन

आमच्या जुन्या पिकअपवर झोपायची केबिन चढवावी, असं मी एका रविवारी ठरवलं. बस, एवढंच ठरवलं होतं. (बाकीचं सगळं आमच्या हिने ठरवलं.)

केबिन म्हणजे छोटी खोलीच. आत पलंग, कपाट, शेगडी. ती गाडीवरून उडून जाऊ नये म्हणून चेसीला चार जाड अँकर, म्हणजे कड्या, बोल्टने आवळायच्या आणि केबिन साखळ्यांनी त्यांना बांधायची. त्या कड्या मी स्वतः बसवल्या. (पाना फक्त दोनदा बोटांवर पडला.) आता डोंगरात भटकायला जायचं! ऑफिसात सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

"टेस्ट झाल्याशिवाय नाही," ही म्हणाली.

ही लिफ्ट तपासणारी इंजिनिअर. हिला बघून भलेभले बिल्डर घाम पुसतात. तिने वाकून प्रत्येक नटवरून थेट चेसीपर्यंत खडूने रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार.

"खाणीच्या रस्त्यावर नेऊ. एक जरी रेघ तुटली, तर केबिन उद्या दुकानात परत!"

"अगं, मी अगदी जपून चालवीन..."

"तुम्ही कशाला? मी चालवणार. आणि रिकाम्या केबिनची कसली टेस्ट? आत वजन हवं."

"मग वाळूची पोती आणू का?"

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. (लग्नाआधीसुद्धा एवढं न्याहाळलं नव्हतं.) "आणायची कशाला?"

थोड्याच वेळात मी केबिनमध्ये पलंगाचा पाय धरून बसलो होतो. रस्ता कसला, नुसते दगड! पहिल्याच खड्ड्यात कपाट उघडलं आणि पातेली माझ्या अंगावर आली. दुसऱ्या खड्ड्यात मीच पातेल्यांवर गेलो.

"अगं, हळू!" मी ओरडलो. गाडीने वेग घेतला.

पण बाजूच्या खिडकीतून खाली डोकावलो आणि बघतच राहिलो. साखळ्या ताणल्या जात होत्या, गाडी कण्हत होती, आणि माझ्या कड्या? ढिम्म! पुढच्या खिडकीतून हिची ताठ मान दिसत होती. दोन धोंड्यांच्या मधून तिने गाडी अशी अलगद काढली की टाळी वाजवावीशी वाटली. (हात मोकळे नव्हते.) काय बाई आहे! मला खरंच अभिमान वाटला.

रस्ता संपला तशी ती उतरून गाडीखाली शिरली. मी टेंगूळ चोळत उभा.

"चारही रेघा शाबूत!" ती बाहेर आली तेव्हा चेहरा नुसता फुलला होता. "काय कड्या बसवल्यात हो! कमाल केलीत."

हिच्या तोंडून 'कमाल'! मला अगदी भरून आलं.

"मग पास ना?"

"छे, पुन्हा जावं लागेल." तिने सीटच्या मागून एक रुंद पट्टा ओढून काढला. "कड्यांचा काही दोष नाही हो. वजनच सारखं हलत होतं. चला, आडवे व्हा."