बीटाचा तांबडा

बाळासोंनी वाडग्यात चमचा बुडवला, वर काढला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ह्यात डाळ घालायची राहिली काय?"

"मामा, इटलीचं सूप हाय ते. त्यात डाळ नसतीया," संयोगिता म्हणाली. सासऱ्यांना मामा म्हणायची इकडची रीत, म्हणून ती मामा म्हणायची.

"मग इटलीला लावून दे परत. त्यांनाच लागंल." आणि वाडगा जसा आला तसा बाजूला सरकला.

बाळासोंच्या पोटाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी तीन महिने तिखट आणि मटण बंद केलं होतं, वर भाज्यांचं सूप द्या म्हणून सांगितलं होतं. आता कोल्हापुरात माणसाला तिखट आणि मटण बंद म्हटल्यावर मागं उरतं काय? त्यातून हे बाळासो! कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली ती पोटासाठी. खरी ओळख रश्श्याची. लग्न असो, जत्रा असो, हजार माणसांचा तांबडा रस्सा ढवळायला बाळासोच लागायचे. अशा माणसानं जेवणावरचं मनच काढून घेतलं. अकरा किलो वजन गेलं. गालफडं बसली. शेवटी डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "येत्या सोमवारी वजन वाढलेलं दिसलं पाहिजे. निदान अर्धा किलो. नाहीतर दाखल करून नळीनं अन्न द्यावं लागेल."

नळीचं नाव संयोगिताला ऐकवेना. सासू जाऊन सहा वर्षं झालेली, नवरा पृथ्वीराज चाकणला नोकरीला, पंधरा दिवसांनी येणारा. घरात ती आणि मामा, दोघंच. लग्न होऊन हुपरीहून आली तेव्हा या माणसानं तिला पोटच्या पोरीसारखं वागवलं होतं. पहिल्या वर्षी तिच्या भाकऱ्या नकाशासारख्या व्हायच्या, तर म्हणायचे, "पोरी, फाटली तरी रश्श्यात बुडतीया न्हवं? झालं तर मग." तो माणूस आता पाण्याचा घोटसुद्धा उपकार केल्यासारखा घ्यायचा. तिनं मोबाइल उघडला, जगभरातली घरगुती पौष्टिक सूप करून दाखवणारी एक बाई शोधून काढली आणि कंबर कसली.

सोमवारी ते इटली झालं, मंगळवारी बल्गेरिया. दही, काकडी, लसूण, शेपू घातलेलं गार सूप.

"काकडीची कोशिंबीर पातळ झालीया," बाळासो म्हणाले. "आन गार का? गॅस संपला व्हय?"

बुधवारी जपान. दुधी, गाजर आणि कांद्याची पात तरंगणारं निवळशंख सूप. बाळासो बराच वेळ त्यात बघत राहिले. संयोगिताला वाटलं, आता घेतील.

"वाडग्याला तळाला चीर गेलीया," ते म्हणाले. "बदलून घे."

तीन दिवसांत तीन देश झाले, वजनाचा काटा जागचा हलला नाही. गुरुवारी तिनं रशियाकडचं बीटाचं सूप लावलं. बीट, गाजर, कोबी, बटाटा शिजवून घोटला, गाळला. त्या बाईनं वरून दही घालायला सांगितलं होतं, पण दही बल्गेरियात संपलेलं. म्हणून तिनं आपलं चमचाभर तूप सोडलं आणि सवयीनं कोथिंबीर भुरभुरवली. वाडगा नेऊन पुढ्यात ठेवला.

बाळासोंनी बघितलं. लालभडक रस, वर तुपाचा तवंग, त्यावर हिरवीगार कोथिंबीर. पडलेला माणूस उशी सारून ताठ बसला.

"तांबडा?" त्यांनी विचारलं. "डागदरनं परवानगी दिली?"

संयोगिता नाही म्हणणार होती. देवाशपथ म्हणणार होती. पण दोन महिन्यांनी त्या डोळ्यांत जीव आलेला बघून तिनं वाडगा तेवढा पुढं सरकवला. बाळासोंनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले आणि भुरका मारला. मग दुसरा. वाडगा रिकामा करून तोंड पुसलं आणि म्हणाले, "तिखट जरा बेतानंच टाकलंस. असू दे. अजून हाय काय?"

शुक्रवारीही बीट झालं. शनिवारीही झालं. मंडईतली तानाबाई विचारायला लागली, "पोरी, रोज दोन किलो बीट? घरात ससं पाळल्यात काय?" काट्यानं तीनशे ग्रॅम वाढ दाखवली. संयोगिता मनातल्या मनात देवापुढं नारळ फोडत होती, आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बाळासोंचा फोनवरचा आवाज आला.

"ज्ञानू, लेका, उद्या दुपारी जेवायला ये. सुनंनं तांबडा केलाय, नाद खुळा! व्हय, मी बी खातूय. सगळ्यांना घेऊन ये. हुसेनला मी सांगतो."

झालं! ज्ञानू, हुसेन धरून मामांचे पाच जुने दोस्त उद्या तांबडा खायला येणार. खरा करावा, तर मामा तोच खाणार आणि रात्री दवाखाना गाठायला लागणार. बीट वाढावं, तर पहिल्याच घोटाला बोंब होणार. कारण ही माणसं तोंडावर बोलणारी. मयताच्या घरी गेली तरी चहात साखर कमी म्हणून सांगतील. आणि मामांना एकदा कळलं की हे बीट होतं, की वाडगा परत सरकणार आणि सोमवारी नळी.

ती चप्पल पायात सरकवून मागच्या गल्लीत हुसेनमामूंच्या घरी पळाली. हुसेन म्हणजे बाळासोंचा शाळेपासूनचा मित्र. मटणाचं दुकान त्याचं, रस्सा बाळासोंचा, अशी जोडी. संयोगितानं रडत रडत सगळं सांगितलं. हुसेनमामूंनी कपाळाला हात लावला. "बीट पाजलंस? बाळ्याला?" पण त्यांची बायको नजीरा शहाणी. ती म्हणाली, "रडतीस कशाला? खरा रस्सा मी माझ्या घरात करते आन मोठ्या पातेल्यातनं आणते. तो पावण्यांना. तुझं बीट बारक्या पातेल्यात, ते त्याला. रंग एकच हाय. कुणाला कळतंय?"

बेत चांगला होता. त्याला आधार होता तो बाळासोंच्याच एका नेमाचा: रस्सा करणाऱ्या घरानं आधी पंगतीला वाढायचं आणि शेवटी, सगळे उठल्यावर, स्वतः जेवायचं. चाळीस वर्षांत त्यांनी हा नेम मोडला नव्हता. म्हणजे पाहुणे जेवून उठतील आणि मग संयोगिता मामांना स्वयंपाकघरात बीट वाढेल.

रविवारी दुपारी पाचजण पाटावर बसले. नजीरानं मागच्या दारानं मोठं पातेलं आणून ओट्याखाली ठेवलं. बारकं ओट्यावर होतंच. संयोगिता भाकऱ्यांची टोपली घेऊन बाहेर गेली, कांदा-लिंबू वाढलं आणि वळली. बघते तर काय! मामा बारकं पातेलं आणि ओगराळं घेऊन पंगतीत उभे!

"मामा! द्या इकडं, मी वाढते!"

"सरक. पंगत मी वाढणार. दोन महिन्यांनी हातात ओगराळं आलंय."

आमच्याकडे भाकरीला हात लावायच्या आधी वाटीभर रस्सा प्यायचा असतो. पाच वाट्या भरल्या, पाच वाट्या तोंडाला लागल्या, आणि पाचही वाट्या तिथंच थांबल्या. संयोगिता दाराची चौकट धरून उभी होती. ज्ञानूनं वाटी खाली घेतली. वाटीकडं बघितलं, मग बाळासोंकडं बघितलं. "बाळ्या, ह्यो..." त्यानं तोंड उघडलं आणि हुसेनमामूंनी त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ठसका लागला?" बाळासोंनी विचारलं. "तिखट लागलं व्हय?"

"लई!" ज्ञानू म्हणाला. एव्हाना त्यानंही बाळासोंच्या बसलेल्या गालांकडं नीट बघितलं असावं. "लई झणझणीत. कानातनं धूर आला."

"झकास झालाय," हुसेनमामू म्हणाले आणि मोठ्यानं भुरकले.

"गोडसर हाय जरा," एकजण म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडं बघितल्यावर घाईनं म्हणाला, "म्हंजे मटणच गोड हाय. कोवळं असणार."

"मग अजून घ्या की!" बाळासो खुलले. कोल्हापूरचा आग्रह तो. नको म्हणणाऱ्याच्या वाटीत जास्तच पडतं. ओगराळ्यामागून ओगराळं रिचवलं गेलं. पाच मटणखाऊ गडी, घामाचा टिपूस नसताना कपाळ पुसत, बीट पीत होते. आणि पातेलं खडखडीत झालं.

संयोगिताच्या एकदम लक्षात आलं. बीट संपलं! आता घरात उरला तो ओट्याखालचा खरा, आगीसारखा तांबडा. आणि मामा रिकामं पातेलं घेऊन आत येत होते.

"आता माझी वाटी भर," ते म्हणाले.

ती ओट्याला पाठ लावून उभी राहिली. बाळासोंनी तिला हळूच बाजूला केलं, वाकले, मोठ्या पातेल्यावरचं झाकण उचललं, एक लांब श्वास घेतला आणि झाकण परत ठेवलं.

"नजीराचा हाय," ते म्हणाले. "खोबरं जरा जास्त भाजलंय तिनं."

संयोगिताला रडूच फुटलं. "मामा, चुकलं माझं. मी तुम्हाला फसवलं. ते बीट हुतं. तीन दिवस बीटच हुतं."

"आगं, हजार हजार माणसांचा तांबडा केलाय मी. मला बीट कळंना व्हय? पहिल्या घोटालाच कळलं."

तिचे हुंदके जागच्या जागी थांबले. "मग प्यालात कशाला?"

बाळासो स्टुलावर बसले. "मी परत केलेला वाडगा तू हितं ओट्यापाशी उभ्यानं प्यायचीस. स्वतःपुरती भाकरीबी टाकायची न्हाईस. मला पलंगावरनं दिसायचं की सगळं. म्हटलं, ही पोर माझ्यापायी जग पालथं घालतीया आन उपाशी राहतीया, आन मी म्हातारा नखरं करतूय. लाज वाटली मला." त्यांनी नाक ओढलं. "आन पिऊन बघितलं, तर वाईट न्हवतं ते."

"आन ह्या सगळ्यांना कशाला बोलवलंत?"

"कशाला म्हंजे? माझ्या सुनंनं केल्यालं चार माणसांनी खायाला नगं?"

"पण तुम्ही त्यांना तांबडा म्हणून सांगितलंत!"

"सूप हाय म्हणून सांगितलं असतं, तर एक तरी आला असता काय?"

बाहेरून हुसेनमामूंची हाक आली, "बाळ्या, तांबडा एक नंबर झालता बघ!"

"अजून वाढू काय?" बाळासोंनी आतूनच आवाज दिला.

बाहेर पाच वाट्या खडाखड पालथ्या पडल्या. बाळासोंचे खांदे हसण्यानं गदागदा हलायला लागले. हसता हसता त्यांनी शिवलेलं पोट हातानं धरलं.

"नजीराचं पातेलं न्हेऊन दे त्यांना," ते म्हणाले. "लई सोसलं बिचाऱ्यांनी. आन मग माझं काय तरी बघ. बीट घाल, न्हाय तर काय बी घाल. मला भूक लागलीया."

दोन महिन्यांत हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. संयोगितानं ओढणीनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि टोपलीतलं सगळ्यांत मोठं बीट उचललं.