सात नंबरची रजा

सकाळी सातला मिलचा भोंगा झाला की लिंगप्पा बागेतल्या झाडांची हजेरी घ्यायचे. काखेत फाटकी वही, कानावर पेन्सिल. "एक नंबर लिंब!" अशी हाक द्यायची आणि "हाजीर!" हेही आपणच म्हणायचं. मिलमध्ये जॉबर म्हणून तीस वर्षं कामगारांवर मुकादमकी केलेली. कामगार सुटले, सवय सुटली नाही.

मी नगरपालिकेचा ओव्हरसियर. किल्ल्यालगतच्या जुन्या पेठेतली ती बाग सुधारायचं लचांड माझ्या गळ्यात आलं होतं. दुष्काळाचं साल. हिरवळीवर पत्त्यांचे अड्डे, शेळ्या मोकाट. आज मारलेलं कुंपण उद्या कुणाच्या तरी परसात दिसायचं. त्यात वरच्या साहेबांनी नकाशात काय काढावं? कारंजं! प्यायला टँकर आणि बागेत कारंजं! मी नकाशा गुंडाळून काखेत मारला. बोलायचा उत्साह कधीच आटला होता.

कारंज्याच्या जागेवर नेमका सात नंबरचा लिंब. वाळून खडखडीत. तिथं लिंगप्पा थबकायचे आणि म्हणायचे, "रजेवर हाय."

"अप्पा, मेलंय ते झाड. उद्या तोडायचंय."

"रजेवर हाय म्हन्लं की! नाव कापायचं काम न्हाय!"

"अहो, किती दिवसांची रजा?"

"ते तुमी कोन इचारनार? हजेरी माज्याकडं हाय."

माझ्याबरोबरचे पालिकेचे गडी फिदीफिदी हसले. माझं डोकं उठलं.

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडवाले घेऊन गेलो, तर म्हातारा बुंध्याशी तांब्या रिता करत होता. पेठेत टँकरचं पाणी, तेही दिवसाआड!

"माज्या आंघुळीचं हाय," ते ओशाळून म्हणाले आणि तिथंच मातीत बसले. "साहेब, माज्या खात्यात नागू म्हनून एक व्हता. बारा दिस आला न्हाय, मी नाव कापलं. तेराव्या दिशी आला, तर डोकं भादरलेलं. आई गेलती त्याची."

"मग परत घ्यायचं की त्याला."

"कापल्यालं नाव परत लिवलं तर जॉबरचा धाक ऱ्हातोय व्हय? महिनाभर रोज भोंग्याला ह्या झाडाखाली येऊन बसायचा. मी समोरनं जायचो, बगायचो न्हाय. एक दिस आलाच न्हाय. कुटं गेला, कुनाला ठावं न्हाय. लई वाईट केलं मी, साहेब."

मी गड्यांना परत धाडलं. नकाशावरचं कारंजं पेन्सिलीनं चार हात सरकवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत वरच्या कागदावर पहिल्यांदाच रेघ ओढली. नाहीतरी त्या कारंज्याला पाणी कुठून येणार होतं?

सकाळी भोंगा झाला. हजेरी सहापर्यंत नीट आली.

"सात नंबर!"

लिंगप्पा वाळक्या बुंध्यापाशी थबकले. कानावरची पेन्सिल काढली, पण वहीला टेकवली नाही.

"रजेवर आहे," मी म्हणालो. "रजा मंजूर."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पेन्सिल जिभेला लावली, वहीत खूण केली आणि आठ नंबरला हाक दिली.