पालथा कप

“मालक, या देशात कोनीच कोनाचा मालक नाही!” असं किसन माझ्या दारात उभा राहून मले रोज समजावून सांगते. मालक म्हणजे मी. मग त्याच्या ध्यानात येते, जीभ चावते अन् तिथंच पाच उठबशा काढते. शिक्षा त्याची त्यानंच लावून घेतली. सत्तरीचा माणूस, गुडघे कटकट वाजतात, पण सूट नाही.

वलगावात त्याच्यासारखा बोलणारा नाही. शेतमजुरायची संघटना बोलावते तिथं जाते. मागं अकोल्याले जठारपेठेतल्या सभेत टेबलावर मूठ आपटून म्हणे, “कोनी मोठा आला म्हणून उठाचं नाही!” भाषण संपवून खुर्चीत टेकला, तेवढ्यात अध्यक्ष आले. सारे बसून. उठला एकटा किसन, तोही चपला काढून. मग मंचावरच उठबशा. लोकायले वाटलं कार्यक्रमातलंच आहे, टाळ्या वाजवल्या.

माझ्याकडे चहा घेतला की कप मात्र स्वतःच विसळून पायरीवर पालथा घाले. माझी शांता ओरडे, “किसनभाऊ, तुमी पाहुणे हा. ठिवा तो कप!”

“वहिनी, डोक्यातून गेलं, पन हातातून जाऊन नाही राहिलं.”

सवय माझ्याच बापानं लावलेली. किसनचा बाप आमचा सालदार, सालभराच्या बोलीवर राबणारा गडी. बापलेकाचे कप गोठ्यात वेगळे, धुवायचे त्यायनंच. मी तिथंच बसून चहा पिवो. कधी तोंड उघडलं नाही.

शांता गेली, त्याले पाच महिने झाले. किसन तरी रोज येते. आज कामवाली बाई आली नाही, चहा म्या केला. साखर विसरलो. तो तसाच प्याला. कप घेऊन उठला. बसला. पुन्हा उठला.

“काहून रे, मुंग्या चावून राहिल्या का?”

“वहिनीले जित्तेपणी एकडाव बी जमवून दाखवलं नाही,” म्हणे.

कप टेबलावर ठेवला, उष्टा, सुलटा. अन् दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. डोळे भरलेले. निघताना तीनदा वळून त्या कपाकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

तो गेल्यावर म्या कप उचलला. एवढ्या वयात घरातला एक कप कधी धुतला नव्हता; शांता होती ना, ती गेल्यावर ही बाई. धुतला. मग घरात कोणी नव्हतं, तरी उठबशा काढाले लागलो. तीन झाल्या अन् गुडघा अडला.

उरलेल्या दोन उद्या किसनसमोर काढीन.