रजेच्या दिवशी कामावर हजर

पुलांचे नकाशे काढणारे आमचे ड्राफ्ट्समन स्वतःच्या हुशारीवर भलतेच खूश होते. त्यांच्या लॅपटॉपला ऑफिसात एक नेटवर्क-पत्ता लागे, घरी दुसरा. रोज सेटिंगमध्ये शिरून ते आकडे बदलायचे, त्यातला एखादा चुकला की इंटरनेट बंद पडायचं आणि अर्धी सकाळ पाण्यात जायची. म्हणून त्यांनी दोन छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे हे आकडे आपोआप बदलणारे प्रोग्राम, लिहिल्या. एक चालवली की पत्ता ऑफिसचा, दुसरी चालवली की घरचा. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण रोज सकाळी दहाला ऑफिसची स्क्रिप्ट आपोआप चालेल आणि संध्याकाळपर्यंत दर पाच मिनिटांनी पत्ता तपासून घेईल, अशीही सोय त्यांनी करून ठेवली.

"माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही," त्यांनी बायकोला ऐकवलं.

मंगळवारी त्याच लॅपटॉपवर बायकोची मुलाखत होती. रुग्णालयाच्या तक्रार कक्षातली नोकरी. नऊ वर्षं घरी काढल्यावर आलेलं पहिलंच बोलावणं. तिला ती नोकरी मनापासून हवी होती. मदतीला म्हणून ड्राफ्ट्समननी खास रजा काढली. लॅपटॉपने काढली नव्हती.

पावणेदहाला सुरुवात झकास झाली. दहाच्या ठोक्याला पडद्यावरच्या बाई तोंड उघडं ठेवून थिजल्या. ड्राफ्ट्समननी राउटर बंद-चालू केला, स्टुलावर चढून वायर हलवली, शेवटी इंटरनेटवाल्याला फोन लावून फैलावर घेतलं.

"साहेब, लाइन ठणठणीत आहे. तुमच्या मशीनचाच पत्ता बघा."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. त्यांनी घरची स्क्रिप्ट चालवली, मुलाखत पुन्हा जोडली गेली आणि थोड्याच वेळात पुन्हा तुटली.

"आता काय झालं?"

"ते... दर पाच मिनिटांनी तपासतंय," ड्राफ्ट्समन पडेल आवाजात म्हणाले. "थांब, ती सोयच काढून टाकतो."

बायकोने त्यांचा हात धरला. "नवीन काही करू नका. तुटलं की जोडा, बस्स."

मग ते टेबलाशेजारी जमिनीवर बसले. तुटलं की हात वर करून कळ दाबायचे, आणि बायको अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करायची.

"सहा वेळा तुटलं," शेवटी बाई म्हणाल्या, "पण तुमचा आवाज एकदाही चढला नाही."

"घरी सवय आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी निवड झाल्याचा फोन आला. ड्राफ्ट्समनना इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. "म्हणजे एका अर्थी माझ्या स्क्रिप्टमुळेच..."

"सोमवारी हजर व्हायचंय. लॅपटॉप रुग्णालयच देणार आहे," बायको हसत म्हणाली. "त्याला तुम्ही हात लावायचा नाही."