पालथं करून बघणारे मधुकाका

आमच्या शेजारचे मधुकाका घरी आले की चहा पिण्याआधी बशी पालथी करून बघतात. बशीत चहा असला तरी. आईचे दोन टेबलक्लॉथ त्यात गेले. तेव्हापासून आम्ही आधी रिकामी बशी त्यांच्या हातात देतो, पाहणी उरकली की मग चहा ओततो.

"वरून सगळंच चांगलं दिसतंय गो," काका मला समजावतात. "खालनं बघायचं."

माझ्या चुलतबहिणीला बघायला मुलगा आला, तेव्हा काकांनी दारातला त्याचा बूट उचलून तळ निरखला आणि आत येऊन जाहीर केलं, "टाच एकाच बाजूनं झिजलीय. पोरगा हट्टी हाय." तरी लग्न झालं. पोरगा हट्टी निघाला, आणि अख्ख्या पेणमध्ये काकांचा भाव वाढला.

पण त्यांची खरी कीर्ती मॅनिफोल्डमुळे. जुन्या दोन सीटच्या विलायती स्पोर्ट्स गाड्या काही हौशी लोक अजून जिवापाड सांभाळतात. त्यांच्या इंजिनाला हवा आणि पेट्रोल पोचवणारा अ‍ॅल्युमिनियमचा एक भाग असतो, इनटेक मॅनिफोल्ड. दिसायला साधारण गाईच्या कासेसारखा. कारखान्याने तो अधूनमधून गुपचूप बदलला. कधी तळाला फासळी आली, कधी नळीला जादा भोक पडलं, कधी ओतीव नंबरातला सात तिरका झाला. आपल्या गाडीवरचा मूळचाच की मागाहून कुणी बसवलेला, या काळजीने झोप उडालेली मोठमोठी माणसं काकांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. काकांचं उत्तर ठरलेलं. "पालथा करून पाठव."

काका रोह्याच्या एका फाउंड्रीत पॅटर्न बनवायचे, म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा उठवतात तो लाकडी नमुना. स्वतःला गाडी चालवता येत नाही. गाडीत बसलं की मळमळतं.

एक मात्र मला कधी कळलं नव्हतं. मॅनिफोल्ड अस्सल निघाला की मालक नाचायचा आणि काका हिरमुसायचे. नक्कल निघाली की मालक हिरमुसायचा, काका चष्मा पुसून पुन्हा बघायचे, तळाला अंगठा फिरवायचे आणि मालकाहून जास्त हिरमुसायचे. वर्षानुवर्षं ते काहीतरी शोधत होते. विचारलं तर म्हणायचे, "सापडलं का सांगीन."

त्यांच्या कपाटात एक अस्सल मॅनिफोल्ड होता, पहिल्या सालातला, बिनफासळीचा. तो मिळावा म्हणून किती जण पेणला येऊन गेले. एकाला काकांनी आधी साबणाने हात धुवायला लावले, नीट पुसायला लावले, आणि मग नाही म्हणाले.

गेल्या महिन्यात रोह्याहून देशमुखांचा फोन आला. त्यांच्याकडे सासऱ्यांची तसलीच एक लाल गाडी आहे. रविवारी मुंबईत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि तिथे सगळे भाग मूळचे असलेल्या गाड्यांनाच प्रवेश होता. मी काकांना माझ्या गाडीतून घेऊन निघाले. वाटेत गडब गावात थांबून त्यांनी मळमळीची गोळी घेतली आणि टपरीवरचा वडा पालथा करून बघितला. वड्याबद्दल त्यांचं मत चांगलं पडलं नाही, पण दोन खाल्ले.

देशमुखांनी मॅनिफोल्ड काढून नव्याकोऱ्या टॉवेलवर ठेवला होता. "सासरे म्हणायचे, एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही," ते म्हणाले.

काकांनी तो उचलला, पालथा केला, तळाला अंगठा लावला. एरवी अर्ध्या मिनिटाचं काम. त्या दिवशी अंगठा पुढे गेला, मागे आला, परत पुढे गेला. मग काका तिथेच फरशीवर बसले.

"काका, बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"हा मूळचा नाय," ते हळूच म्हणाले. देशमुखांचा चेहरा उतरला तसे घाईने पुढे बोलले, "सासरे खोटं नाय बोलले हां. त्यांच्या आधीच्या मालकानं बदलला असंल."

"पण किती सफाईदार आहे!" देशमुख म्हणाले.

"तेच तर. ओतताना साच्याच्या जोडाची रेघ उठते, ती कारखाना खालनं कधी घासत नाय. हा बघा, लोण्यासारखा केलाय." मग देशमुखांकडे न बघताच म्हणाले, "माझ्या कपाटातला तुमच्याच सालाचा हाय. तो घेऊन जा. हा मला द्या."

देशमुखांनी तीन वेळा विचारून खात्री करून घेतली. मीसुद्धा एकदा विचारलं.

परतताना काका तो मांडीवर घेऊन बसले होते. मळमळीचं नावही काढलं नाही. निडी गाव मागे पडल्यावर म्हणाले, "हे सुशीचं काम हाय गो."

सुशीलाकाकू म्हणजे त्यांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. माहेर हमरापूरचं, गणपती करणाऱ्यांचं घर. लग्नानंतरच्या वर्षी मुंबईच्या एका गॅरेजवाल्याला हा भाग नवा कुठेच मिळेना, म्हणून त्याने एक अस्सल नग नमुन्यासाठी काकांकडे आणून दिला. काकांनी त्याबरहुकूम चार ओतले आणि घासायला घरी आणले. काकू कानस आणि पॉलिशपेपर घेऊन बसल्या. त्यांच्या माहेरी मूर्तीच्या पाठीलासुद्धा साच्याचा जोड दिसलेला चालायचा नाही.

"मी तिला बोललो, वरचं घास, खालचं राहू दे. इंजिनात जाणारं हाय, कोण बघणार? तर बोलली, बसवणारा बघंल ना." काका हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "भांडलो मी तिच्याशी. दोन दिवस जेवलो नाय. येडा होतो."

मी गाडी जरा हळू केली.

"अजून तीन बाहेर हायत," ते म्हणाले. अंगठा तळावर फिरतच होता. "चालत असतील ना गो?"

मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. तरी अगदी ठामपणे म्हटलं, "चालतायत, काका."